आधी दगड की आधी लाठी?

आंदोलनाची बातमी निःपक्ष झाली की नाही हे तपासायचं तर आमच्या डेस्कवर दोन बाईट मोजण्याची पद्धत आहे. आंदोलकांच्या नेत्याचे वीस सेकंद, पोलीस अधीक्षकांचे वीस सेकंद, झालं. माझ्या मते हा हिशेब निरुपयोगी आहे. बाजू घेतली जाते ती बाईटमध्ये नव्हे, एडिटच्या टाइमलाइनवर, कोणतं दृश्य आधी आणि कोणतं नंतर लावलं त्यात. दगड, मग लाठी, असा कट लावला की पोलिसांनी प्रत्युत्तर दिलं असं प्रेक्षक समजतो. लाठी, मग दगड, असा लावला की लोक चिडले असं समजतो. निवेदनाचा एक शब्दही बदलावा लागत नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला जे घडलं त्यावरचा सगळा वाद आधी दगड की आधी लाठी या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि तेव्हा पडद्यावर मात्र तेच चार शॉट लूपवर चालू होते. लूपला सुरुवात नसते, त्यामुळे प्रेक्षक ज्या क्षणी चॅनल लावतो तीच त्याच्यापुरती घटनेची सुरुवात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. खाणकामगारांच्या संपात, १८ जून १९८४ रोजी, साउथ यॉर्कशरमधल्या ऑर्ग्रीव्हच्या कोक कारखान्याबाहेर पोलीस आणि संपकरी भिडले. त्या संध्याकाळी बीबीसीच्या बातम्यांत आधी दगडफेक दिसली आणि नंतर घोडेस्वार पोलिसांची चाल. पुढे ९५ जणांवर खटले भरले गेले. न्यायालयात पोलिसांनीच केलेलं चित्रण दाखवलं गेलं, त्यात घोडे आधी घुसताना दिसत होते. १९८५ मध्ये खटला कोसळला. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशर पोलिसांनी ३९ जणांना सव्वाचार लाख पौंडांची भरपाई दिली, आणि त्याच वर्षी दृश्यांचा क्रम उलटा लागल्याचं बीबीसीने मान्य केलं; मात्र तो घाईगडबडीत, नकळत उलटला असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं मानू. मग तर जास्तच काळजी वाटायला हवी, कारण घाईत हात आपसूक ज्या क्रमाकडे वळतो तो क्रम आपल्या डोक्यात आधीच बसलेला असतो. जमाव बिथरतो, पोलीस आवरतात, ही गोष्ट इतकी सवयीची आहे की फुटेज तिच्या साच्यात बसवताना कुणाला खटकतही नाही.

कॅमेरा कुठे उभा होता, हाही याच प्रश्नाचा भाग. बहुतेक वेळा तो पोलिसांच्या रांगेमागे असतो, म्हणजे दगड समोरून येताना दिसतो आणि लाठीची फक्त पाठ दिसते. यावर कॅमेरामन म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात, की जमावात शिरलं तर ओबी व्हॅन फुटते आणि डोकंही. कुणी जीव धोक्यात घालावा असं मी म्हणणार नाही. पण ‘ही दृश्यं पोलिसांच्या बाजूने टिपलेली आहेत’ एवढी पट्टी खाली चालवायला कुठलं शौर्य लागतं? ‘सौम्य लाठीमार’ तर सरळ प्रेसनोटमधून निवेदकाच्या तोंडी येतो, आणि सौम्य कुणाच्या दृष्टीने, हे कुणी विचारत नाही.

क्रमाचा आग्रह म्हणजे आंदोलकांची छुपी वकिली, असा आक्षेप हमखास येतो. त्यांनी २६ जानेवारी २०२१ चा शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर मोर्चा आठवून पाहावा. दिल्लीत आयटीओजवळ ट्रॅक्टरवरच्या एका तरुण शेतकऱ्याचा मृत्यू झाला आणि पोलिसांच्या गोळीने तो मेल्याचं काही पत्रकारांनी लगोलग सांगून टाकलं. पोलिसांनी मग जे सीसीटीव्ही चित्रण दाखवलं त्यात ट्रॅक्टर बॅरिकेडला धडकून उलटताना दिसत होता. शवविच्छेदनातही गोळीची जखम आढळली नाही. कुटुंबाने ते मानलं नाही, न्यायालयात गेलं, तो त्यांचा हक्क. पण त्या दुपारी मृतदेहाच्या दृश्याआधी काय घडलं हे ठाऊक नसताना तिथे गोळी बसवली गेली होती. क्रमाची शिस्त दोन्हीकडे कापते.

लाइव्हच्या धबडग्यात क्रम लावायला वेळ कुठे, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. दुपारी तीनला नसेल कळत, तर कळलेलं नाही असं सांगावं आणि कार्यकारणाचा भास होईल असे दोन शॉट शेजारी लावू नयेत. रात्री नऊच्या पॅकेजला ती सबब उरत नाही. तोवर सगळ्या युनिटचं फुटेज टाइमकोडसह आलेलं असतं. खरी अडचण त्यानंतरची आहे. सर्व्हरवर जागा हवी म्हणून कच्चं फुटेज पुसलं जातं आणि अर्काइव्हमध्ये कापून-जोडून झालेलं पॅकेज तेवढं राहतं. निदान लाठीमार, गोळीबार, मृत्यू असलेल्या दिवसांचं कच्चं फुटेज तरी जपायला हवं, खर्च होतो हे मान्य करूनही. ते किती वर्षांनी लागेल सांगता येत नाही: ऑर्ग्रीव्हची वैधानिक चौकशी ब्रिटिश सरकारने जाहीर केली ती जुलै २०२५ मध्ये, एकेचाळीस वर्षांनी.