पायाखालचे मैदान

नांदेडला मी मुलांना मराठी शिकवतो, नि लातूरला माझा मुलगा डॉक्टर व्हायला शिकतो. निदान माझा तसा समज होता.

चाचणीतले गुण घसरले, तेव्हा एका रविवारी मी न कळवताच लातूरला गेलो. एस.टी.च्या प्रवासात एक चांगले खणखणीत व्याख्यानही तयार केले. खोलीत पाहतो, तो चिरंजीव मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले! लातूर पॅटर्नच्या गावात येऊन खेळ पाहत बसायचे, म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाकडे पाठ करण्यासारखेच.

“बाबा, पाचच मिनिटं. ‘सोल’चा सामना आहे.”

हा सोल कोण? मी विचारले मात्र, नि व्याख्यान द्यायला गेलेल्या मला ते ऐकावे लागले.

पबजी नावाच्या खेळात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. बहुधा चौघाचौघांचे संघ. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, नि शेवटी उरेल तो संघ जिंकतो. मुंबईच्या नमन माथुरने 2018 मध्ये ‘सोल’ संघ उभा केला. मार्च 2019 मध्ये हैदराबादला तो देशात पहिला आला, त्याच वर्षी बर्लिनला खेळून आला. 2020 मध्ये अनिमेष अगरवालच्या ‘एट बिट’शी त्याची जोड झाली, लोकेश जैन हाही भागीदार. नि त्याच वर्षी 2 सप्टेंबरला सरकारने 118 ॲप बंद केली. त्यांत पबजी होते.

मी पुस्तक हाती घ्यायला सांगणार होतो, ते विसरलो. क्रिकेटचे मंडळ उद्या बरखास्त झाले, तरी शिवाजी पार्कवर पोरे स्टंप ठोकतीलच. इथे मैदानच कंपनीच्या मालकीचे! एका हुकुमासरशी ते पायाखालून गेले. जुलै 2021 मध्ये खेळ नव्या नावाने परत आला. जून 2022 मध्ये सोलने मोठी स्पर्धा जिंकली, नि 28 जुलैला तो खेळही बंद! तो पुन्हा सुरू व्हायला मे 2023 उजाडला.

“मग मधल्या काळात ही मंडळी जगली कशावर?”

“बोलण्यावर,” चिरंजीव म्हणाले. संघात नुसते खेळाडू नव्हते. दुसरे खेळ खेळत प्रेक्षकांशी गप्पा मारणारेही होते. लोक खेळासाठी आले होते, पण थांबले ते माणसांसाठी. डिसेंबर 2022 मध्ये घरी खेळाला बंदी असतानाच लास व्हेगासला ह्या कामाबद्दल त्यांना बक्षीस मिळाले. त्याच महिन्यात सरकारनेही ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या पंखाखाली घेतले. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या खेळांपासून त्याला वेगळे काढले.

ऐकता ऐकता मला माझा वर्ग आठवला. यंदा एम.ए.ला सात मुले आहेत. एके काळी बाके कमी पडत. आकसत जाणारे वर्तुळ मला काही कुणी समजावून सांगायला नको! तरीही ती सात मुले येतात. अभ्यासक्रमासाठी येतात, की गप्पांसाठी, हे मी कधी विचारले नाही.

“तुला खेळाडू व्हायचंय का रे?” मी भीत भीत विचारले.

“नाही, बाबा. तेवढा चांगला खेळत नाही मी.” तो थोडा थांबला. “पण डॉक्टरही व्हायचं नाही, असं वाटतं.”

“मग काय व्हायचंय?”

“ठाऊक नाही.”

खोलीत भिंतीवर वेळापत्रक होते. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत. अक्षर माझे होते.

“परीक्षा तेवढी दे,” मी म्हणालो. “मग दोघे मिळून बसू, नि ठरवू.” त्याने मान डोलावली. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेला सामना पाहिला. मला त्यातले फारसे कळले नाही.

रात्री नांदेडला पोहोचलो. सौ. दारातच उभी होती.

“चांगलं सुनावलंत ना त्याला?”

“नाही,” मी चपला काढत म्हणालो, “ऐकून आलो.”