पहिली सिटिंग

गालावरचे खड्डे भरून आणायचे तर तिथे आणखी बारीक भोकं पाडावी लागतात, असं त्वचारोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या तेव्हा मी मान डोलावली खरी, पण डोक्यात काहीच शिरलं नाही. ज्या जखमांमुळे चेहरा असा झाला, त्यांच्यावर उपाय म्हणून पुन्हा जखमाच? बाहेर येऊन हातातला कागद उलटसुलट वाचला. वर लिहिलं होतं 'फ्रॅक्शनल सीओटू लेझर' आणि खाली सूचनांची भलीमोठी यादी.

आमच्या घरात ताईच्या तोंडावर एक पुटकुळी आली तरी बेसन-हळदीपासून वैद्यांपर्यंत सगळं व्हायचं. माझ्या तोंडावर पू भरलेल्या गाठी यायच्या, तेव्हा आई म्हणायची, "जातील रे आपोआप, पुरुषाच्या तोंडाकडे कोण बघतंय?" गाठी गेल्या, वण राहिले. दाढी करताना ब्लेड खड्ड्याच्या काठाला अडतं आणि तिथेच कापतं. ऑफिसात डोक्यावर ट्यूबलाइट असते, त्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. समोरचा माणूस बोलता बोलता गालाकडे बघतो आणि चटकन नजर काढून घेतो. पुरुषांना याचं काही वाटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना मी एवढंच सांगेन की आम्ही बोलत नाही.

मॅडमनी तपासण्याची पद्धत मात्र माझ्या लक्षात राहिली. त्यांनी खोलीतले दिवे बंद केले, टॉर्च माझ्या कानाजवळ धरला आणि उजेड गालावरून आडवा जाऊ दिला. मग आरसा हातात दिला. सगळे खड्डे एकसारखे आहेत असं मी इतकी वर्षं समजत होतो, पण त्या तिरप्या उजेडात तीन वेगळ्या जाती दिसल्या. कानशिलाजवळची टाचणीने टोचल्यासारखी अरुंद पण खोल छिद्रं म्हणजे आइस-पिक. गालाच्या मध्यावरचे उभ्या काठांचे, सपाट तळाचे खड्डे म्हणजे बॉक्सकार. आणि जबड्याकडे उतरणारा उंचसखल भाग म्हणजे रोलिंग. तिथे कातडीला खालून तंतूंनी ओढून धरलेलं असतं. "लेझर मधल्यांना चांगला लागू पडतो," मॅडम म्हणाल्या. "छिद्रांना तीव्र ॲसिडचा थेंब द्यावा लागेल. रोलिंगचे तंतू आधी सुईने आतून सोडवावे लागतील. आणि एक आत्ताच सांगते, सगळं साफ जाणार नाही. उथळ होईल, कडा मऊ होतील." त्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याआधी एका ठिकाणी मला काचेसारखा चेहरा करून देण्याचं आश्वासन मिळालं होतं आणि वण नीट पाहिलेही नव्हते.

मग घरी बसून वाचायला घेतलं. मी मूळचा बारामतीचा. हा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ज्यांनी घडवला, ते कुमार पटेल 1938 साली बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेत त्यांचा फोटो लावायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या लेझरचा किरण 10,600 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पाणी तो झटकन शोषून घेतं आणि कातडीत पाणी भरपूर असतं, त्यामुळे किरण पडेल तिथला पेशींचा थर क्षणात वाफ होऊन जातो.

1990 च्या दशकात डॉक्टर या किरणाने चेहऱ्याचा वरचा थर सरसकट काढत. वण चांगले सुधारत, पण लाली महिनोन्‌महिने राही, जंतुसंसर्गाची भीती असे आणि सावळ्या कातडीवर डाग पडण्याचा धोका मोठा. 2004 मध्ये मॅनस्टाइन, अँडरसन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी कल्पना मांडली: सगळी कातडी भाजायची नाही, केसाएवढ्या जाडीचे उभे स्तंभ तेवढे भाजायचे आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. ती कल्पना पुढे सीओटू लेझरलाही लागू झाली. शाबूत भागातल्या पेशी शेजारचं भोक एक-दोन दिवसांत वरून झाकतात. खाली उष्णतेने चाळवलेली कातडी नवं कोलॅजन बांधू लागते. माझं कोडं इथे सुटलं. जुनी जखम अर्धवट भरून थांबली होती. तिथे भरण्याचं काम पुन्हा सुरू करून द्यायचं, एवढाच लेझरचा वाटा.

सिटिंगच्या दिवशी सकाळी गुळगुळीत दाढी करून यायला सांगितलं होतं. सिस्टरनी चेहऱ्यावर बधिर करणाऱ्या मलमाचा जाड थर दिला आणि वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवली. तासभर तसंच बसायचं. गाल आधी गार पडले, मग जड झाले, मग आपले वाटेनासे झाले. शेजारी एक काका हातावरच्या भाजल्याच्या वणासाठी आले होते. आखडलेली कातडी याच लेझरने सैल व्हायला मदत होते म्हणाले.

आत गेल्यावर डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसवण्याआधी यंत्र नीट पाहून घेतलं. त्याला सांधे असलेला लांब हात होता. आत आरसे असतात, कारण हा किरण साध्या काचतंतूतून जात नाही. मॅडमचा चष्मा मात्र अगदी पारदर्शक होता. ते पाहून मी घाबरलो आणि विचारलंच. त्या म्हणाल्या, "आपल्याला आरपार दिसतं, पण हा किरण त्यातून जात नाही."

पहिला चौकोन गालावर पडला तेव्हा 'टर्र' असा आवाज आला आणि शेकडो तापलेल्या सुया एकदम टेकल्या. लगेच दाढीचे खुंट जळल्याचा वास. धूर ओढणारी नळी हनुवटीशी घरघरत होती. गालाच्या मांसल भागावर सहन होत होतं. वरच्या ओठावर आणि जबड्याच्या हाडावर डोळ्यांतून पाणी आलं. "दादा, श्वास सोडा," असं सिस्टर दर खेपेला म्हणत आणि गार हवेचा झोत फिरवत. काम आटोपलं तेव्हा चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ गेला होता.

खरी परीक्षा त्यानंतरची. काही तास मिरची चोळल्यागत आग. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली सूज, आरशात लालभडक तोंड. मग करड्या-तपकिरी बारीक ठिपक्यांच्या रांगा उमटल्या, यंत्राने आखलेले चौकोन स्पष्ट दिसत होते. त्या खपल्या नखाने काढायच्या नाहीत, पेट्रोलियम जेलीचा थर सुकू द्यायचा नाही, उन्हात जायचं नाही. आईने हळदीची वाटी आणली होती. तिला थांबवताना वाईट वाटलं. आठवडा सरता सरता खपल्या आपोआप गळल्या आणि खाली गुलाबी कातडी निघाली.

आपल्या रंगाच्या कातडीला जपायचं ते इथेच. भाजलेल्या जागी मेलॅनिन जास्त बनतं आणि काळपट छटा राहू शकते. म्हणून मॅडमनी लेझरची घनता कमीच ठेवली होती आणि सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावायला सांगितलं होतं, ढगाळ दिवशीसुद्धा. माझ्या जबड्यावर थोडी छटा आलीच, पण हळूहळू फिकी झाली.

काही महिन्यांनी मॅडमनी पुन्हा तोच टॉर्च तसाच धरला. मधल्या खड्ड्यांच्या उभ्या भिंती ढासळल्यासारख्या झाल्या होत्या, सावली पातळ पडली होती. कानशिलाजवळची छिद्रं होती तशीच. मला आनंद झाला, आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. पुढच्या वेळी आधी सुई, मग छिद्रांना ॲसिड, मग लेझर असं ठरलं आहे. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही, त्यामुळे पैसे जमवून, ऊन कमी असलेल्या महिन्यातच.

मधे माझी आतेबहीण फोटो घेऊन मागे लागली, "दादा, मलाही तुझ्या डॉक्टरांकडे ने." तिच्या तोंडावर मुरमं अजून ताजी आहेत आणि मेडिकलवाल्याने दिलेली गोरं करणारी ट्यूब ती वर्षभर लावतेय. नाव वाचलं तर त्यात स्टिरॉइड. मॅडमनी तिला लेझरला सध्या नाही म्हणून सांगितलं. ती ट्यूब त्यांच्या देखरेखीखाली सोडायची, आधी मुरमं पूर्ण थांबवायची, मग बघू. ती रडवेली झाली. मुरमांच्या गोळ्या आता सुरू झाल्यात, आणि रात्री नऊ वाजता तिला आठवण करायचं काम माझ्याकडे आहे.