गेटवेच्या कमानीला भरजरी तोरण

मुंबई पाहायला आलेला पाहुणा गेटवे ऑफ इंडियाला गेल्याशिवाय परतत नाही. घारापुरीला निघालेल्या बोटी, कबुतरांचे थवे, झटपट फोटो काढून देणारे फोटोग्राफर हे सारे ओळखीचेच. पण ३० मार्च २०२३ च्या संध्याकाळी अपोलो बंदराने निराळाच थाट पाहिला. त्या दिवशी रामनवमी होती आणि गेटवेच्या कमानीला चक्क तोरण बांधले होते!

हे तोरण होते सुमारे १४ मीटर उंचीचे, पूर्णपणे भरतकामाने नटलेले. निमित्त होते पॅरिसच्या 'दिओर' या विख्यात फॅशनगृहाच्या शोचे. त्या मोसमात पॅरिसमध्येही एकाहून एक सरस शो झाले. जानेवारीत राहुल मिश्रा आणि गौरव गुप्ता या आपल्या डिझायनरांनीही तिथे आपली कला सादर केली. पण मुंबईकरांच्या लक्षात राहिला तो हाच शो. तोरणाखालून एकेक मॉडेल बाहेर येऊ लागली. कुणाच्या अंगात नेहरू जाकीट, कुणाचा साडीसारखा चुणीदार स्कर्ट, कुठे मद्रासी चौकडा, तर कुठे आरसेकाम. गुलाबी, हिरवा, पिवळा, जांभळा असे आपल्याकडच्या लग्नघरात शोभणारे रंग!

दिओरच्या तेव्हाच्या कलादिग्दर्शिका मारिया ग्राझिया किऊरी यांनी मुंबई निवडली, त्यामागे जुने नाते होते. मुंबईची 'चाणक्य' ही भरतकामाची संस्था आणि तिच्या करिश्मा स्वाली यांच्याशी त्यांची अनेक वर्षांची ओळख. तोरणही चाणक्यच्याच कारागिरांनी भरले होते.

हे काम चालते कसे? लाकडी अड्ड्यावर कापड ताणून बसवतात. कागदावरच्या नक्षीला बारीक भोके पाडून तिचा छाप कापडावर उमटवतात. मग भोवती बसलेले कारागीर आरी चालवतात. एक हात कापडाच्या वर, दुसरा खाली, दोरा पुरवणारा. बोटभर फूल भरायलाही चांगलाच वेळ जातो. पिढ्यान् पिढ्या हा अड्डा पुरुषांचाच. चाणक्यच्या शाळेत मात्र आता स्त्रियाही हे काम शिकतात.

परदेशी फॅशनगृहे आपल्याकडून भरतकाम करून घेतात, ही गोष्ट नवी नाही. नवे होते ते तिचा असा जाहीर उच्चार. एरवी कपड्यावर नाव झळकते पॅरिसचे. सुई धरणारे हात अंधारातच राहतात. त्या संध्याकाळी निदान ते काम तरी दर्शनी दारावर आले. प्रत्येक कारागिराचे नाव येण्याचा दिवस अजून यायचा आहे.

गेटवेलाही हे साजेसेच. १९११ साली पंचम जॉर्ज मुंबईत उतरले, त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार ही कमान उभी राहिली. १९२४ साली तिचे उद्घाटन झाले आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून मायदेशी गेली. साहेबाच्या स्वागताची कमान साहेबाला निरोप देऊन मोकळी झाली!

तोरण केव्हाच उतरले. पण आता गेटवेला गेलात, की समुद्राकडे वळण्यापूर्वी क्षणभर कमानीखाली थांबा आणि दगडातले बारीक जाळीकाम न्याहाळा. तेही अशाच अनाम हातांचे आहे.