मामाजींच्या मापाची कानटोपी

दिवाळीनंतर अड्याळला पहाटेचा गारठा वाढतो आणि मामाजी नेमके त्याच वेळी धानाच्या बांध्यांमधली लाखोरी पाहायला निघतात. त्यांच्यासाठी क्रोशाची कानटोपी विणायचं मी ठरवलं. क्रोशाची सुई त्याआधी हातात धरलेली नव्हती. हाती लागलेला नमुना होता मागे लोंबणाऱ्या सैल टोपीचा: घेर 84 खांब, उंची 27 सेंटीमीटर, कान उघडे. मला हवी होती डोक्याला धरून बसणारी. म्हणजे त्यातला एकही आकडा माझ्या कामाचा नव्हता.

शेजारच्या काकू तोरणं विणतात. त्यांनी आधी साखळी शिकवली, म्हणजे फासातून फास ओढणं. मग खांब: सुईवर लोकरीचा वेढा घ्यायचा, खालच्या टाक्यातून लोकर ओढायची आणि दोन-दोन फास सोडवत जायचं. माझे खांब उंच-ठेंगणे येत होते. टोपीला किती घालू, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "आधी मामाजीचं डोस्कं मोज, मंग टाके मोज."

भुवयांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवला: 56 सेंटीमीटर. लोकर ताणते, म्हणून टोपी तीन-चार सेंटीमीटर कमीच हवी. पण सेंटीमीटरचे खांब कसे करायचे? काकूंनी त्याच लोकरीचा एक चौकोन विणायला लावला. त्यात 10 सेंटीमीटरला 14 खांब बसले. या हिशेबानं 84 खांबांचा घेर 60 सेंटीमीटर होत होता. टोपी सैल का, ते तिथं उलगडलं.

टोपी माथ्यापासून सुरू होते. पहिल्या फेरीत 12 खांब, मग दर फेरीला 12 वाढवायचे: 24, 36, 48, 60, 72. वाढ जास्त झाली तर चकतीला झालर पडते, कमी झाली तर वाटीसारखी वळते. 53 सेंटीमीटरला 74 खांब लागत होते. बाराच्या पाढ्यात जवळचा आकडा 72. तिथं वाढ थांबवली आणि कडा आपोआप खाली उतरू लागली. घेर वाढ थांबवण्यात ठरतो, हे हातांना तेव्हा समजलं.

उंची 20 सेंटीमीटरवर आणली. कानांसाठी 14-14 खांबांच्या दोन पट्ट्या काढल्या, प्रत्येक ओळीत दोन्ही कडांना एकेक खांब कमी करत. पट्ट्या बरोबर मध्यावर घेऊन चालत नाही, कारण कान डोक्याच्या थोडे मागे असतात. म्हणून कपाळाकडे 26 खांब सोडले, मानेकडे 18.

आता नमुना कुठलाही असो, मी तीन गोष्टी विचारते: डोकं केवढं, लोकर किती ताणते, दहा सेंटीमीटरला किती खांब? वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण 46 सेंटीमीटर असतं. त्यातून तीन वजा केले की याच लोकरीत 60 खांब होतात. माथ्याची एक फेरी कमी करायची, एवढंच.