काट्याची साक्ष

आमच्या उदराकडे पाहून स्नेही म्हणतात, ‘प्रोफेसरकी अंगी लागली!’ वजनाचा काटा मात्र आमच्या बाजूने साक्ष देतो : उंचीच्या मानाने वजन बेताचेच. परंतु ही साक्ष अपुरी होय. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखेच. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! म्हणूनच भारतीय पुरुषाच्या कंबरेस वैद्यकशास्त्र ९० सेंटिमीटरांची मर्यादा घालते. पोटातील ही चरबी मधुमेहास आमंत्रण देते आणि वयोमानाने स्नायू झिजतात, ते निराळेच. नुसत्या उपवासाने चरबीबरोबर स्नायूही खर्ची पडतात. नुसते पोट आवळल्याने पोटच तेवढे उतरत नाही. म्हणून आम्ही ताटातील भात कमी करून उसळ वाढविली, आणि रोजच्या फिरण्यास आठवड्यातून तीनदा बेताच्या जोर-बैठकांची जोड दिली. चार महिन्यांत कमरपट्टा एका भोकाने आवळला. आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते हे, की पंगतीतून उठताना आता भुईला हात टेकावा लागत नाही. वार्धक्यातील स्वावलंबनाची पेरणी मांड्यांतच करावी लागते. आणि पन्नाशी हा तिचा हंगाम आहे.