बर्फ आधी नकाशात पडतो

चि. चिमणीस,


हिवाळ्याचं रेखाचित्र आणि तुझ्या त्या नसलेल्या शहराचा नकाशा, दोन्ही नीट पोचलं. तू लिहितेस, आधी रंगांचं सांग, नकाशाचं सावकाश बघू. मला ते दोन वेगळे उद्योग वाटतच नाहीत. बर्फ कुठे टिकणार आणि कुठे त्याचा चिखल होणार हे नकाशावर ठरतं, आणि तेवढं ठरलं की रंगाचं अर्धं काम झालेलं असतं.

पीटर ब्रुगेलचं ‘बर्फातले शिकारी’ पुन्हा एकदा काढून बस. चित्र 1565 सालचं, ओकच्या फळीवर तैलरंगात केलेलं, सध्या व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. अँटवर्पच्या एका धनिक व्यापाऱ्यासाठी त्याने वर्षाच्या ऋतूंची मालिका केली होती, त्यातली पाच चित्रं उरली, त्यांतलं हे एक. डावीकडे तीन पाठमोरे शिकारी, दमलेली कुत्री, आणि शिकार कसली म्हणशील तर खांद्यावरच्या काठीला एक कोल्हा. सराईची पाटी एका कडीवर लोंबकळतेय. खाली गोठलेली तळी, त्यांवर घसरणारी माणसं, उजव्या कोपऱ्यात बर्फाने जखडलेलं पाणचक्कीचं चाक, पुलावर सरपणाची मोळी घेतलेली बाई. आणि या सगळ्याच्या मागे टोकदार, कातळी डोंगर.

आता गंमत बघ. ब्रुगेलच्या मुलखात असले डोंगर नाहीतच. तो तरुणपणी इटलीला गेला होता, वाटेत आल्प्स पाहिले, आणि ते त्याने आपल्याकडच्या सपाट गावामागे आणून उभे केले. म्हणजे हे गाव जगात कुठेही नाही. तरी त्यात आपल्याला वाट सापडते. शिकारी कुठून उतरणार, मोळीवाली कुठे निघाली, तळ्याचं पाणी एरवी चाकाकडे कसं जात असेल, सगळं न विचारता कळतं. हे रंगाने साधलेलं नाही. चित्र रंगवायच्या आधी त्याच्या डोक्यात ते गाव वसलेलं होतं.

रंग तर मोजकेच आहेत. आकाश आणि बर्फाळ तळी एकाच हिरवट करड्या छटेची. ढगाळ दिवस आहे, म्हणून जमिनीवर पडलेल्या सावल्या जवळजवळ नाहीत. आकाश बर्फापेक्षा गडद ठेवलंय आणि म्हणूनच बर्फ उजळ दिसतो. याच्या शेजारी क्लोद मोनेचं ‘मॅग्पाय’ ठेव, 1868-69 च्या हिवाळ्यातलं. तिथे ऊन आहे, सूर्य कुंपणापलीकडे, आणि कुंपणाच्या सावल्या चक्क निळ्या. सावलीत ऊन पोचत नाही, पण आकाशाचा निळा उजेड पोचतो. त्याने जे पाहिलं ते केलं. पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनाने 1869 मध्ये ते चित्र नाकारलं. आज ते ओर्से संग्रहालयात आहे आणि नाकारणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, असो.

तुझ्या चित्रात आकाश ब्रुगेलचं आणि सावल्या मोनेच्या आहेत. एक काहीतरी ठरव. माझं मत विचारशील तर ढगाळ कर. आपण उन्हातली माणसं, बर्फ म्हटलं की चकचकीत पांढराच डोळ्यांपुढे येतो. करड्या उजेडात तू जास्त विचार करशील.

आता नकाशा. एकात एक गोल तटबंदी, मधोमध किल्ला, चारी दिशांना चार सारखे रस्ते. देखणं आहे, पण इथे कुणी राहत असेल असं वाटत नाही. टॉमस मोरच्या ‘युटोपिया’त चोपन्न शहरं आहेत आणि एक पाहिलं की सगळी पाहिल्यासारखी, मला वाचतानाही तिथे मुक्कामाला जावंसं वाटलं नव्हतं. शहर आधी पाण्याशी भांडतं, मग सरळ रस्त्यांचा विचार करतं. आपलं पुण्यातलं कसबा बघ. एका अंगाला मुठा, पूर्वेला नागझरी. माती आणि पाणी हवं म्हणून कुंभारवाडा नदीजवळ. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची वेगळी तांबट आळी. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळातून पाणी आलं आणि पेठांमध्ये हौद झाले. आज फडके हौदावर कुणी घागर घेऊन जात नाही, पण रिक्षावाल्याला अजून तेच नाव सांगावं लागतं. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, सोट्या म्हसोबा ही नावं काही कुठल्या नगररचनाकाराने दिलेली नाहीत. तुझ्या शहरातल्या एखाद्या चौकाला तरी आता तिथे नसलेल्या वस्तूचं नाव दे.

मग बर्फाकडे ये. तुझं शहर उत्तरेकडचं आहे, तेव्हा सूर्य दक्षिणेला खालून फिरणार. दक्षिणेकडे उतरणाऱ्या छपरांवरचा बर्फ आधी विरघळेल, कौलं उघडी पडतील. टेकडीच्या उत्तर अंगाच्या गल्ल्यांत तो आठवडेच्या आठवडे राहील. लाकडाच्या गाड्या ज्या वेशीतून येतात तिथे तपकिरी राडा. बेकरीच्या भिंतीलगत काळा ओला पट्टा. देवळामागे, जिकडे कुणाचं काम नसतं, तिकडे कागद तसाच कोरा सोड. धुराड्यांचा धूर मात्र सगळीकडे एकाच दिशेला झुकू दे; आत्ता तुझ्याकडे तीन वारे वाहतायत.

आणि सगळा नकाशा भरून टाकू नकोस. जेरी ग्रेट्झिंगर नावाचा एक अमेरिकन माणूस 1963 पासून एका काल्पनिक शहराचा नकाशा काढत आलाय. मध्ये वीसेक वर्षं तो नकाशा माळ्यावर पडून होता, नातवाच्या हाती लागला आणि काम पुन्हा सुरू झालं. आता त्याचे दोन हजारांवर तुकडे आहेत. त्याने स्वतःच पत्त्यांचा एक जोड बनवलाय. पान ओढायचं आणि त्यावर लिहिलंय ते करायचं: कुठे वस्ती वाढवायची, कुठे रंग चढवायचा. काही पानं मात्र निव्वळ पोकळी आणतात, म्हणजे वसलेलं शहर पांढऱ्याने झाकलं जातं. इतक्या वर्षांची मेहनत स्वतःच्या हाताने झाकायची! मला एवढं धाडस व्हायचं नाही, पण तुझ्या पूर्वेकडच्या तटाबाहेरचे ते बारा मनोरे पुसायला तुला हरकत नसावी.

नदी कुठून येते आणि कुठे जाते एवढं बाण काढून पाठव. उतार कळला की मी छटा सांगते.

तुझी,
आत्या

ता. क. करडा रंग काळ्यापासून करू नकोस. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळ. निळं जास्त झालं तर थंड, तपकिरी जास्त झालं तर उबदार करडा मिळतो. आणि कोऱ्या जागा झाकायच्या मास्किंग फ्लुइडसाठी जुनाच ब्रश वापर, चांगला वाया जाईल.