ठरलेली हार

कुस्तीचा निकाल आधींच ठरलेला असेल, तर ती पाहण्यांत गोडी ती कसली? असें मीही म्हणत असें. पण ९ ऑक्टोबर १९९५ रोजीं टोकिओ डोममध्यें झालेल्या केइजी मुतो व नोबुहिको ताकादा यांच्या सामन्याची चित्रफीत पाहिली आणि माझी ती ऐट उतरली.

ताकादाचा ‘शूट-स्टाइल’ पंथ निराळा. दोरांवरून झेपा नाहींत, दिखाऊ डाव नाहींत. लाथ खरीखुरी लागावी, सांध्याला दिलेला पीळ असह्य वाटावा, हें त्याचें व्रत. निकाल मात्र तेथेंही ठरलेलाच! मुतोनें त्याचा लाथ मारणारा पाय पकडून गुडघा पिरगळला आणि पायांत पाय अडकविण्याच्या जुन्या, तमाशाच्या कुस्तींतील डावानें त्याला शरण आणलें. एका पंथाचा अभिमान त्या आखाड्यांत धुळीस मिळाला. १९९६ च्या अखेरीस ताकादाची संस्थाही बंद पडली.

“अहो, नुरा कुस्तीच ना ही? मग एवढे खिन्न कां?” सौभाग्यवतींनीं विचारलें.

तेव्हां मला उत्तर सुचलें नाहीं. आतां सुचतें: हार ठरवून पत्करलेली होती खरी, पण तिच्यापायीं त्यानें जें गमावलें, तें कांहीं लटकें नव्हतें.